व्हिएतनामचा उत्तरेकडील डोंगराळ मुलूख, तेथील समाज आणि फ्रेंचांविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९४६ ते १९५४ या काळात व्हिएतनामने फ्रान्सविरुद्ध जे स्वातंत्र्ययुद्ध लढले, त्यातील निर्णायक लढाया चीन आणि लाओसच्या सीमेलगतच्या डोंगरांत झाल्या. दिएन बिएन फू हे नाव अनेक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. ते खोरे कोणाचे होते, तेथे भात कोण पिकवत होते आणि युद्धाने त्यांचे काय केले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. या विषयावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा प्रदेश नेमका कोणता?

स्थूलमानाने त्याचे दोन भाग पडतात. लाल नदीच्या खोऱ्याच्या उत्तरेला आणि ईशान्येला व्हिएत बाक हा भाग आहे. काओ बांग, बाक कान, लांग सोन, थाय न्गुयेन, तुयेन क्वांग आणि हा जांग हे सहा प्रांत त्यात मोडत. लाल नदीच्या पश्चिमेला, लाओसच्या सीमेपर्यंत वायव्येचा मुलूख पसरला असून लाय चौ, सोन ला, न्गिया लो आणि दिएन बिएन फू ही ठिकाणे त्यात येतात. व्हिएत बाकमध्ये चुनखडीचे सुळके आणि त्यांच्यामधली अरुंद खोरी आहेत. वायव्येकडे पर्वत अधिक उंच, वस्ती अधिक विरळ आणि वाटा अधिक बिकट. युद्धाचा पूर्वार्ध मुख्यतः पहिल्या भागात घडला आणि शेवट दुसऱ्या भागात झाला.

तेथे कोणकोणते समाज राहतात?

व्हिएतनाममध्ये आज अधिकृतपणे ५४ समाजांची नोंद आहे. त्यांपैकी किन्ह समाज देशभर बहुसंख्य असला, तरी या डोंगरांत त्या काळी तो अल्पसंख्य होता आणि बहुतेक करून बाजारपेठांच्या व ठाण्यांच्या गावांपुरताच दिसे.

व्हिएत बाकमध्ये ताय आणि नुंग हे दोन समाज प्रमुख आहेत. त्यांच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की संवादाला अडचण येत नाही, आणि सीमेपलीकडे चीनमध्ये राहणाऱ्या च्वांग समाजाशीही त्यांचे जुने नाते आहे. वायव्येत थाय समाज आहे. त्याच्या काळे थाय आणि पांढरे थाय अशा मोठ्या शाखा आहेत. (ताय आणि थाय हे दोन वेगळे समाज आहेत, देवनागरीत नावे जवळजवळ सारखी दिसत असल्याने वाचकांचा गोंधळ होतो.) हे तिन्ही समाज खोऱ्यांत, लाकडी खांबांवर उभारलेल्या घरांत राहतात आणि पाटाच्या पाण्यावर भात पिकवतात. त्यांच्या वर, डोंगरउतारांवर ह्मोंग आणि दाओ समाजांची वस्ती असते. त्यांची भाषाकुळे वेगळी, शेती मका आणि कोरडवाहू भाताची, आणि त्या काळी अफूचीही. दक्षिणेकडे होआ बिन्हच्या परिसरात मुओंग समाज आहे. त्याची भाषा किन्ह लोकांच्या भाषेला जवळची आहे.

खालच्या खोऱ्यातले आणि वरच्या उतारावरचे, ही विभागणी लक्षात ठेवावी. खोऱ्यातल्या थाय सरदारांकडे सत्ता, मीठ आणि बाजार असे. वरच्या ह्मोंग व खमू लोकांच्या वाट्याला कर आणि वेठबिगार येई. युद्धात कोण कोणाच्या बाजूने गेले, याचा उलगडा पुष्कळदा या जुन्या तंट्यातूनच होतो.

फ्रेंच राजवटीत या लोकांची स्थिती कशी होती?

फ्रेंचांनी सपाटीचा मुलूख आणि डोंगराळ मुलूख वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला. चीनच्या सीमेलगतचे पट्टे त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवले, तर वायव्येत स्थानिक सरदारांनाच हाताशी धरले. लाय चौचे पांढरे थाय सरदार देओ व्हान त्री यांनी आधी फ्रेंचांशी लढा दिला आणि १८९० च्या सुमारास समेट करून आपली सत्ता राखली. पुढे त्यांचे पुत्र देओ व्हान लाँग या घराण्याचे प्रमुख झाले. १९४८ मध्ये फ्रेंचांनी थाय महासंघ नावाची स्वायत्त रचना उभी करून तिचे नेतृत्व देओ व्हान लाँग यांना दिले. संस्थानिकांना मांडलिक ठेवून मुलूख राखण्याची ही रीत भारतीय वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

सामान्य गावकऱ्यासाठी या राजवटीचा अर्थ डोईपट्टी, रस्त्यांवरची वेठबिगार आणि मिठाची टंचाई असा होता. मीठ समुद्रावरून येई, त्यावर सरकारी मक्तेदारी होती आणि डोंगरात पोहोचेपर्यंत त्याची किंमत भरमसाट वाढलेली असे. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्ह या आघाडीची पथके पुढे वायव्येत शिरली तेव्हा त्यांनी गावांत मीठ आणि शेतीची अवजारे वाटली, ते उगाच नव्हे.

क्रांतिकारकांनी हाच भाग का निवडला?

सीमा जवळ आणि जंगल दाट, हे कारण सर्वच पुस्तकांत असते आणि ते खरेही आहे. परंतु तेवढ्याने भागले नसते, कारण जंगलात परक्या माणसाला कोणी तरी खाऊ घालावे लागते आणि त्याच्याविषयी तोंड बंद ठेवावे लागते. काओ बांग आणि लांग सोनमध्ये १९३० च्या दशकापासून ताय आणि नुंग कार्यकर्त्यांचे जाळे उभे होते. लांग सोनचे होआंग व्हान थू हे ताय समाजातून आलेले कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वापर्यंत पोहोचले होते. फ्रेंचांनी त्यांना १९४४ मध्ये देहदंड दिला.

सप्टेंबर १९४० मध्ये जपानी सैन्याने लांग सोनवर हल्ला केला, फ्रेंच तुकड्यांची पळापळ झाली आणि त्या बाक सोनच्या खोऱ्यातून मागे हटू लागल्या. तेथील गावकऱ्यांनी त्यांची शस्त्रे हिसकावून स्थानिक ठाणे ताब्यात घेतले. जपान्यांशी जुळवून घेताच फ्रेंच परतले आणि त्यांनी गावे जाळली; पण उठावातून वाचलेली माणसे जंगलात टिकून राहिली व नुंग समाजातील चू व्हान तान यांच्या नेतृत्वाखाली १९४१ मध्ये त्यांचे छापामार दल बनले. हे सगळे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह देशात परतण्याच्या आधी सुरू झाले होते, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. बाहेरून नेता आला आणि डोंगर जागे झाले, अशी मांडणी या लोकांवर अन्याय करते.

हो चि मिन्ह तीस वर्षांच्या परदेशवासानंतर २८ जानेवारी १९४१ रोजी सीमा ओलांडून काओ बांग प्रांतातल्या पाक बो या गावी आले. ते जवळच्या एका दमट गुहेत राहत; ताय आणि नुंग गावकरी त्यांना आदराने ‘ओंग के’, म्हणजे वडीलधारे बाबा म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात तेथे झालेल्या बैठकीत व्हिएत मिन्ह या आघाडीची स्थापना झाली. व्हो न्गुयेन ग्याप यांच्यासारख्या किन्ह कार्यकर्त्यांना येथे स्थानिक भाषा शिकाव्या लागल्या, कारण फ्रेंच किंवा व्हिएतनामी भाषेत काढलेले पत्रक वाचणारा माणूस त्या गावांत क्वचितच भेटे. निरोप पोहोचवण्याचे काम अनेकदा मुलांकडे असे. पाक बोजवळचा किम दोंग या टोपणनावाने ओळखला जाणारा नुंग मुलगा १९४३ मध्ये फ्रेंच सैनिकांच्या गोळीने मारला गेला. आजही व्हिएतनाममधील शाळकरी मुलांना त्याचे नाव ठाऊक असते.

पहिल्या सैनिकी तुकडीत कोण होते?

२२ डिसेंबर १९४४ रोजी काओ बांग प्रांतातील न्गुयेन बिन्हच्या जंगलात ३४ जणांची सशस्त्र प्रचार तुकडी ग्याप यांच्या हाताखाली स्थापन झाली. व्हिएतनामचे आजचे सैन्य हाच आपला स्थापना दिन मानते. या ३४ जणांत ३ स्त्रिया होत्या, आणि बहुसंख्य सदस्य ताय व नुंग समाजांतले होते, किन्ह मोजकेच. काही दिवसांतच या तुकडीने फाय खात आणि ना न्गान ही दोन लहान ठाणी घेतली. पुढे मे १९४५ मध्ये ही तुकडी आणि चू व्हान तान यांचे दल एकत्र आले. जूनमध्ये सहा प्रांतांचा मुक्त प्रदेश जाहीर झाला व तान त्राओ हे गाव त्याचे केंद्र बनले. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा हंगामी सरकारात संरक्षणमंत्री म्हणून चू व्हान तान यांचे नाव होते.

१९४६ नंतर सरकार डोंगरात कसे टिकले?

१९ डिसेंबर १९४६ ला हनोईत लढाई पेटल्यानंतर सरकार, छापखाने आणि शस्त्रांचे कारखाने पुन्हा व्हिएत बाकमध्ये हलवण्यात आले. थाय न्गुयेनमधील दिन्ह होआ आणि तिच्या आसपासचा बाक कान व तुयेन क्वांगचा भाग हा ‘सुरक्षित पट्टा’ होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये फ्रेंचांनी बाक कानवर छत्रीधारी सैनिक उतरवून सगळे नेतृत्व एका झटक्यात पकडण्याचा प्रयत्न केला. न्गुयेन व्हान तो हे नामवंत विद्वान त्यांच्या हाती लागले आणि मारले गेले, पण हो चि मिन्ह व ग्याप निसटले. गावांनी साथ दिली नसती तर ते निसटू शकले नसते. मंत्रालये म्हणजे ताड-बांबूच्या झोपड्या होत्या, त्या वारंवार जागा बदलत, आणि प्रत्येक वेळी नव्या गावाला आपल्या भातातून या पाहुण्यांचा वाटा काढावा लागे.

१९५० ची सीमेवरची लढाई इतकी महत्त्वाची का मानतात?

१९४९ च्या अखेरीस चीनमध्ये कम्युनिस्टांचा विजय झाला आणि व्हिएत मिन्हला सीमेपलीकडे प्रशिक्षण, शस्त्रे व सल्लागार मिळू लागले. मधे आडवा होता तो सीमेलगतचा चार क्रमांकाचा वसाहती रस्ता, लांग सोन ते काओ बांग. सप्टेंबर १९५० मध्ये या रस्त्यावरचे दोंग खे हे ठाणे पडले. काओ बांगहून माघार घेणारी एक फ्रेंच तुकडी आणि तिला भेटायला खालून निघालेली दुसरी, जिच्यात मोरोक्कन सैनिक मोठ्या संख्येने होते, अशा दोन्ही तुकड्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुनखडीच्या घळींत गाठून उद्ध्वस्त करण्यात आल्या. फ्रेंचांनी सुमारे ६,००० माणसे गमावली आणि घाबरून लांग सोनही सोडले.

दोंग खेच्या लढाईत काओ बांगचा ला व्हान काउ हा ताय तरुण होता. गोळीने त्याचा हात मनगटाच्या वर चिरफाळला, तेव्हा लोंबणारा हात अडथळा होतो म्हणून त्याने सोबत्याला तो तोडायला सांगितला आणि मग सुरुंग लावून शत्रूचा बुरूज उडवला, अशी हकीकत सैन्याच्या नोंदींत आहे. १९५२ मध्ये त्याला वीर ही पदवी मिळाली. अशा कथा प्रचारासाठी रंगवल्या जातात, हे मान्य करूनही सीमेवरच्या लढाईत ताय आणि नुंग तरुण आपल्याच घरच्या डोंगरांत लढत होते, ही वस्तुस्थिती उरतेच. काओ बांग, बाक कान आणि लांग सोनमधून उभारलेली १७४ वी रेजिमेंट पुढे दिएन बिएन फूपर्यंत गेली. ती ज्या ३१६ व्या डिव्हिजनचा भाग होती, तिचे सेनानी ले क्वांग बा हेही काओ बांगचे ताय होते.

सगळे डोंगरी समाज व्हिएत मिन्हच्या बाजूने होते का?

नव्हते, आणि तसे भासवणारा इतिहास अपुरा आहे. मोंग काय परिसरातील नुंग म्हणून नोंदवल्या गेलेल्या गटांनी व्हाँग ए सांग यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांची साथ दिली, त्यांना स्वतःचा स्वायत्त मुलूख मिळाला, आणि १९५४ नंतर त्यांतील हजारो लोक दक्षिणेत निघून गेले. काओ बांगचे नुंग ज्या युद्धात एका बाजूला होते, त्याच युद्धात मोंग कायचे नुंग दुसऱ्या बाजूला होते. समाजाच्या नावावरून माणसाची बाजू ठरवता येत नाही, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही.

ह्मोंग समाजाचेही तसेच. हा जांगमधील दोंग व्हान पठारावर व्हुओंग घराण्याची सत्ता होती. तेथील व्हुओंग ची सिन्ह यांनी हो चि मिन्ह यांच्याशी मैत्री केली आणि ते राष्ट्रीय सभेचे सदस्य झाले. हो यांनी त्यांना भेट दिलेल्या तलवारीवर गुलामी न पत्करण्याचे वचन कोरलेले होते. सीमेपलीकडे लाओसमध्ये मात्र तुबी लिफुंग यांच्या मागे गेलेले ह्मोंग फ्रेंचांचे सर्वांत विश्वासू साथीदार ठरले. १९५१ नंतर फ्रेंच गुप्त लष्करी विभागाने वायव्येतल्या काही ह्मोंग आणि थाय गटांना शस्त्रे देऊन व्हिएत मिन्हच्या पिछाडीवर छापे घालायला लावले. १९५४ मध्ये युद्ध थांबवून देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या जिनिव्हा करारानंतर फ्रेंच निघून गेले आणि हे गट डोंगरांत एकाकी पडले. काही जण त्यानंतरही बराच काळ लढत राहिले. ज्यांनी त्यांना बंदुका दिल्या त्यांनी त्यांना बाहेर काढण्याची सोय केली नाही, ही या युद्धातली अत्यंत लाजिरवाणी गोष्ट आहे.

थाय मुलखात फूट घराण्याघराण्यांत आणि शाखांत होती. देओ घराणे पांढऱ्या थायांचे. महासंघाच्या नावाखाली त्यांनी काळ्या थायांच्या खोऱ्यांवर आपली माणसे नेमली, आणि दुखावलेल्या काळ्या थाय कुटुंबांतून व्हिएत मिन्हला कार्यकर्ते मिळाले. ऑक्टोबर १९५२ मध्ये न्गिया लो पडले आणि काही आठवड्यांत वायव्येचा बराचसा भाग व्हिएत मिन्हकडे गेला, त्यामागे सैन्यबळाबरोबर हा रागही होता.

अफूचा या युद्धाशी काय संबंध?

वसाहती सरकारचे उत्पन्न अनेक वर्षे अफूच्या सरकारी मक्तेदारीवर पोसले गेले. अफू पिकवत ती उतारावरचे ह्मोंग आणि विकत घेत ती खोऱ्यातले थाय सरदार. देओ व्हान लाँग यांनी या व्यवहारात ह्मोंग शेतकऱ्यांना अत्यंत कमी भाव दिला, आणि दिएन बिएन फूच्या भोवतालच्या ह्मोंग गावांची व्हिएत मिन्हला झालेली मदत या अन्यायाशी जोडली जाते. दुसरीकडे व्हिएत मिन्हनेही अफू जप्त करून व विकून शस्त्रे घेतली होती. दोन्ही पक्षांना ते पीक हवे होते. पिकवणाऱ्याला हवा होता रास्त भाव.

फ्रेंचांनी दिएन बिएन फू का निवडले?

लाओसकडे जाणारी वाट अडवणे, थाय मुलूख हातून जाऊ न देणे आणि व्हिएत मिन्हला मोकळ्या मैदानात लढायला भाग पाडणे, हे त्यांचे तीन हेतू होते. सुमारे १८ किलोमीटर लांबीचे मुओंग थान्हचे हे खोरे वायव्येतील सर्वांत मोठे भाताचे मैदान असून तेथे जुनी धावपट्टी होती. २० नोव्हेंबर १९५३ रोजी छत्रीधारी सैनिक तेथे उतरले.

डिसेंबरात फ्रेंचांनी थाय महासंघाची राजधानी लाय चौ सोडली. देओ व्हान लाँग विमानाने हनोईला गेले. त्यांच्या थाय सैनिकांच्या हलक्या तुकड्यांना, सुमारे २,१०० माणसांना, मात्र डोंगरातून पायी दिएन बिएन फूला जायला सांगितले गेले, आणि वाटेतल्या हल्ल्यांतून पोहोचले ते दोनशेपेक्षा कमी. मुख्य लढाई सुरू होण्याच्या तीन महिने आधीच फ्रेंचांच्या थाय मित्रांचा असा शेवट झाला होता.

वेढ्याच्या काळात खोऱ्यातील लोकांवर काय ओढवले?

खोऱ्यात काळ्या थायांची गावे होती. खंदकांवर आणि तळघरांवर टाकायला वासे हवेत म्हणून फ्रेंच सैनिकांनी त्यांची घरे मोडली. डोंगरावरून लाकूड आणणे अवघड होते आणि समोर उभी असलेली घरे जाड, टिकाऊ खांबांची होती. भातखाचरांतून तारांची कुंपणे गेली, माणसांना ठरावीक छावण्यांत गोळा केले गेले. १३ मार्च १९५४ रोजी लढाई सुरू झाल्यानंतर ही माणसे दोन तोफखान्यांच्या मधे अडकली.

२५ एप्रिल १९५४ रोजी नोंग न्हाय येथील छावणीवर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. व्हिएतनामच्या नोंदींनुसार त्यात ४४४ माणसे मेली, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. फ्रेंच बाजूने लिहिलेल्या लढाईच्या वर्णनांत टेकड्यांची नावे, तुकड्यांचे क्रमांक आणि अधिकाऱ्यांचे शब्द तपशीलवार येतात. नोंग न्हाय बहुधा येतच नाही. ज्यांची ती जमीन होती त्यांचे मरण असे तळटीपेतही न सापडावे, याचा मला मनापासून संताप येतो.

वेढा घालणाऱ्या सैन्याला अन्न कोठून मिळाले?

या प्रश्नातच लढाईचे मर्म आहे. सुमारे ५०,००० सैनिक दोन महिने डोंगरात राहायचे, तर तांदूळ शेकडो किलोमीटर दुरून आणावा लागणार. पाठीवर ओझे घेऊन चालणारा माणूस वाटेत स्वतःही खातो. अंतर वाढत गेले की त्याच्या ओझ्यातला बहुतेक तांदूळ जाण्या-येण्यातच संपतो. त्यावर दोन उपाय होते. एक, सायकली: हँडलला बांबू बांधून, बसायच्या जागी आणि दोन्ही अंगांना पोती लादून त्या ढकलत नेत, आणि पायी हमालाच्या कितीतरी पट माल एका माणसाला नेता येई. अशा सुमारे २१,००० सायकली वापरल्या गेल्या आणि वाहतुकीच्या कामाला अडीच लाखांहून अधिक माणसे जुंपली गेली, असे अधिकृत आकडे सांगतात. त्यांत थान्ह होआ आणि सपाटीच्या प्रांतांतील किन्ह व मुओंग लोक खूप होते. काही तांदूळ चीनच्या सीमेवरून नाम ना नदीतून बांबूच्या तराफ्यांवर आला.

दुसरा उपाय जास्त सोपा आणि स्थानिकांना जास्त महाग पडणारा होता: जवळच्या गावांतून घेणे. वायव्येच्या लोकांनी या मोहिमेला सात हजार टनांहून अधिक तांदूळ दिला, अशी नोंद आहे. विरळ वस्तीच्या, वर्षाला मोजके पीक घेणाऱ्या त्या मुलखासाठी हा बोजा प्रचंड होता. बियाण्याचे भातही काही ठिकाणी गेले असणार. हे धान्य सगळे स्वखुशीने दिले की दडपणाखाली, याचे एकच उत्तर नाही, कारण एकाच गावात दोन्ही घडू शकते. थाय स्त्रिया रात्री उखळांत भात कांडत आणि पहाटेपूर्वी पोती निघत, कारण दिवसा विमाने टेहळणी करत.

ग्याप यांनी जानेवारीत ठरलेला झटपट हल्ला रद्द करून तोफा हातांनी ओढत मागे घेतल्या आणि पूर्ण तयारीनिशी मार्चमध्ये लढाई सुरू केली. हा निर्णय योग्य ठरला, हे सर्वमान्य आहे. या लांबणीवर टाकलेल्या सात आठवड्यांचे अन्न पुरवणाऱ्या गावांचा उल्लेखही त्या निर्णयाच्या कौतुकात असायला हवा.

फ्रेंच तळावर लढणारे सगळे फ्रेंच होते का?

नाही. उत्तरेच्या गाब्रिएल टेकडीवर अल्जीरियन होते, एलियानवर मोरोक्कन. परकीय पलटणीत (फॉरेन लीजन) जर्मन मोठ्या संख्येने होते, तोफखान्यात पश्चिम आफ्रिकन होते, आणि व्हिएतनामी छत्रीधारी व थाय पलटणीही होत्या. आन-मारी टेकडीवरच्या थाय सैनिकांनी १७ मार्चपर्यंत बहुतांशी ठाणे सोडले. फ्रेंच लेखनात त्यांना पळपुटे म्हटले जाते. त्यांतील अनेकांची घरे १९५२ पासून व्हिएत मिन्हच्या ताब्यात होती, शेजारच्या टेकड्या दोन रात्रींत पडल्या होत्या आणि त्यांच्या भाषेतली पत्रके त्यांच्यापर्यंत पोहोचत होती. त्यांनी घरी जाणे पसंत केले यात नवल ते काय? ७ मे रोजी तळ शरण आला. सुमारे दहा हजार युद्धकैद्यांपैकी निम्म्याहून अधिक जण परतले नाहीत. उपाशी, आजारी माणसांची ती लांबलचक पायपीटही या विजयाच्या हिशेबात धरली पाहिजे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

भारताचा या घटनांशी काही संबंध होता का?

थोडा, पण खरा. १९५४ च्या वसंतात फ्रेंच सैनिकांना इंडोचायनात नेणाऱ्या अमेरिकन विमानांना भारताने आपल्या हद्दीवरून उडू दिले नाही. जुलैमध्ये जिनिव्हा करार झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सदस्य होते. पंतप्रधान नेहरू ऑक्टोबर १९५४ मध्ये हनोईला गेले.

विजयानंतर या समाजांना काय मिळाले?

आधी बरेच मिळाले, नंतर त्यातले बरेच गेले. ७ मे १९५५ रोजी, म्हणजे दिएन बिएन फूच्या पहिल्या वर्षदिनी, थाय-मेओ स्वायत्त प्रदेश स्थापन झाला आणि थाय नेते लो व्हान हाक त्याचे अध्यक्ष झाले. (‘मेओ’ हे ह्मोंगांना परक्यांनी दिलेले नाव असून ते त्यांना आवडत नाही, १९६२ मध्ये प्रदेशाचे नाव बदलून वायव्य स्वायत्त प्रदेश करण्यात आले.) १९५६ मध्ये व्हिएत बाक स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. थाय, ताय-नुंग आणि ह्मोंग भाषांसाठी लिप्यांना मान्यता मिळाली, शाळांत त्या शिकवल्या गेल्या. त्याच काळात सपाटीवरून किन्ह कुटुंबे मोठ्या संख्येने डोंगरांत वसवण्यात आली, आणि अनेक जिल्ह्यांत लोकसंख्येचे पारडे कायमचे फिरले.

डिसेंबर १९७५ मध्ये दोन्ही स्वायत्त प्रदेश रद्द झाले. उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम एक झाले होते आणि सरकारला वेगळ्या रचनेची गरज उरली नव्हती. चीनशी संबंध बिघडल्यावर सीमेवरच्या समाजांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. देशाचे पहिले संरक्षणमंत्री राहिलेले चू व्हान तान हेही त्यातून सुटले नाहीत. १९७९ मध्ये त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि १९८४ मध्ये ते वारले. स्वायत्ततेचे वचन हे युद्धकाळातील केवळ डावपेच होते, असे काही अभ्यासक म्हणतात. माझे मत तसे नाही. १९५५ मध्ये ते वचन बहुधा प्रामाणिकपणे दिले गेले होते, आणि म्हणूनच ते मागे घेणे अधिक टोचते.

आज तेथे जाणाऱ्याने काय पाहावे?

दिएन बिएन फू शहरात संग्रहालय आणि ए-१ टेकडी आहे. ६ मे १९५४ च्या रात्री टेकडीखाली खणलेल्या भुयारात जवळपास एक टन स्फोटके उडवली गेली आणि १७४ व्या रेजिमेंटने हल्ला केला, त्या स्फोटाचा खड्डा अजून दिसतो. बहुतेक प्रवासी तेथूनच परततात. त्यांनी शहराबाहेर नोंग न्हायचे स्मारक आणि ग्याप यांचा तळ असलेले मुओंग फांगचे जंगल जरूर पाहावे. काओ बांगमध्ये पाक बो, तुयेन क्वांगमध्ये तान त्राओ, थाय न्गुयेनमध्ये दिन्ह होआ आणि पूर्वीच्या हा जांग प्रांतातील सा फिन येथे व्हुओंग घराण्याचा दगडी वाडा आहे. लाय चौकडे दा आणि नाम ना या नद्यांच्या संगमाजवळ देओ व्हान लाँग यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. वेळ कमी असेल तर हनोईतील मानववंश संग्रहालयात ताय, थाय आणि ह्मोंग घरांच्या रचना आतून पाहता येतात. दिएन बिएन फूला जाण्याआधी ते संग्रहालय पाहिले, तर फ्रेंचांनी मोडलेली घरे कशी होती हे नीट समजते.